नाव, पत्ता, साइज

आमच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त निघतो तो पासपोर्ट साइज फोटो. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको. शाळेचा प्रवेश, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बचत गटाचं कर्ज, सगळीकडे तोच लागतो. आजोबांनी सोलापुरात स्टुडिओ काढला, नंतर बाबांनी चालवला, आता मी बघते. लग्नं, बारशी, साखरपुडे असतातच. त्यातून उरलेल्या वेळात मी सेटलमेंटमधल्या आणि शहराबाहेर पालं टाकून राहणाऱ्या माणसांचे फोटो काढते. कशासाठी, असं बरेच जण विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी सेटलमेंटबद्दल. सोलापुरात रिक्षावाल्याला एवढा एक शब्द सांगितला की तो नेऊन सोडतो, पण बाहेरच्यांना तो माहीत नसतो. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विशिष्ट जमातीत जन्माला येणं हाच गुन्हा ठरला. १९११ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला आणि देशभर लागू झाला. जागोजागी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यातली एक सोलापुरात. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा समाजांची कुटुंबं इथे आणून ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास काढायचा, कामाला शहरातल्या गिरण्यांत जायचं. बोटांचे ठसे सरकारजमा. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं हे चालू होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून या समाजांमध्ये ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन मानतात. तारा गेल्या, नाव राहिलं. आजही पत्ता सांगताना लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात आणि समोरचा माणूस क्षणभर थांबतो, तो थांबलेला क्षण मी अनेकदा पाहिला आहे.

फोटो मोठा करून देणं हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं काम. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला, हार घालायला फोटो हवा असतो. लोक जे असेल ते घेऊन येतात. लग्नाच्या ग्रुप फोटोतला कोपऱ्यातला चेहरा आणतात, नाहीतर आधार कार्ड. आम्ही चेहरा वेगळा काढतो, डाग पुसतो, अंगात कोट किंवा काठापदराची साडी घालतो, मागे निळं आकाश लावतो. सेटलमेंटमधला एक मुलगा असाच आला होता. आजोबांचा फोटो मोठा करायचा होता, पण हातात काहीच नव्हतं.

“फोटो न्हाई ताई. आमच्या आज्याचा फोटो पोलीस ठाण्यात असंल कुठंतरी. घरात न्हाई.”

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पावसाळ्यात रस्ता बंद असतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मी मात्र त्या वाक्यापासून आजतागायत सुटलेली नाही. एका माणसाचा आयुष्यात फोटो निघाला, तो भिंतीसमोर उभं करून, आणि तो फोटो कुणासाठी, तर ज्यांना त्याचा संशय आहे त्यांच्यासाठी. कैद्यांची ओळख पटवण्यासाठीचा १९२० चा एक कायदा होता, त्यात मापं आणि फोटो घेण्याची तरतूद होती. २०२२ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. त्यात बुबुळापर्यंत सगळं नोंदवता येतं आणि ती नोंद ७५ वर्षं जपून ठेवता येते. म्हणजे घरात फोटो नसलेल्या आजोबांची नोंद सरकारदरबारी नातवाच्या म्हातारपणापर्यंत टिकू शकते.

मग मी जुनं वाचायला लागले. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज होता. सरकारी नोकरीत असतानाच तो १८५० च्या दशकात फोटो काढू लागला. मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचं त्याचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत निघालं. त्यातल्या माणसांच्या आकृत्या कापून वेगळ्याच ठिकाणच्या दृश्यावर चिकटवलेल्या आहेत. माणूस एकीकडचा, मागचं देऊळ किंवा किनारा दुसरीकडचा. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, साडेचारशेहून जास्त फोटोंचे. १८५७ च्या उठावातून सावरलेल्या सरकारला आपली प्रजा ओळखून ठेवायची होती. फोटोसोबत त्या जमातीचा ‘स्वभाव’ लिहिलेला, कोण भरवशाचे आणि कोण नाहीत तेही. फोटोखाली बहुतेक ठिकाणी जमातीचं नाव आहे, माणसाचं नाही.

कापून चिकटवणं मलाही परकं नाही, तेच तर मी रोज करते. पण माझ्याकडे येणारी बाई सांगते, “आमच्या ह्यांना कोट घाला, त्यांना लई हौस होती.” आयुष्यभर न मिळालेला कोट मेल्यावर का होईना नवऱ्याच्या अंगावर असावा, ही तिची इच्छा असते. जॉन्सनने कापलेल्या माणसांना कुठल्या देवळासमोर उभं राहायचंय असं कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर आजच्या फोटोस्पर्धा बघा. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढीला कॅमेरेवाल्यांचे जथे येतात. पोतराज दिसला की दहा जण त्याच्या तोंडापाशी वाइड लेन्स नेतात. अंगावर आसूड पडतानाचा क्षण हवा, त्याने पुन्हा मारून घ्यावं म्हणून नोट पुढे करणारेही मी पाहिले आहेत. वासुदेव हवा तो मोरपिसांच्या टोपीतला, सूर्य मागून आलेला. नंदीबैलवाल्याचा बैल हवा, बैलवाल्याच्या पोरीची शाळा कायमची सुटली आहे हे नको. फोटोला नाव ‘श्रद्धा’ नाहीतर ‘परंपरा’. बक्षीस मिळतं, त्या माणसाला त्याचा फोटो कधी दिसत नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. या फोटोंमध्ये प्रकाश उत्तम असतो, क्षण अचूक असतो, आणि खाली पुन्हा जमातीचं नाव असतं, माणसाचं नसतं.

याच्या उलट जाणारी वाट मला दूर कुठे सापडली नाही, ती आमच्याच माळ्यावर होती.

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही सोलापूरकर गड्डा म्हणतो. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं. आजोबा तिथे दर वर्षी फोटोचा तंबू टाकायचे. पेंटरकडून रंगवून घेतलेला पडदा, त्यावर तलाव, हंस आणि पायऱ्या. पुढे प्लायवूडची मोटार. खिळ्याला एक काळा कोट टांगलेला, ज्याला हवा त्याने घालावा. गॉगल, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. गिरणीचा पगार झाला की सेटलमेंटमधली कुटुंबंच्या कुटुंबं यायची, असं बाबा सांगतात. सगळ्यांत आधी पोरं मोटारीत बसायची.

माळ्यावर आजोबांचे निगेटिव्हचे डबे आणि रजिस्टरं आहेत. बऱ्याच निगेटिव्ह दमट हवेने गेल्या, पण राहिल्यात त्याही पुष्कळ. मी त्या स्कॅन करायला घेतल्या आणि तो काळा कोट मला पुन्हा पुन्हा भेटायला लागला. एकाच्या खांद्यावरून ओघळलेला, एकाच्या मनगटाच्या वरच संपलेला, एका पोराच्या गुडघ्यापर्यंत आलेला. कोट तोच, पण प्रत्येकाची उभं राहायची तऱ्हा स्वतःची. एक जण कमरेवर हात ठेवून, एक जण बायकोच्या खांद्यावर हात टाकून. त्या काळात एवढ्या लोकांसमोर असा हात टाकायला धाडस लागत असणार! एका बाईने ट्रान्झिस्टर कानाला लावलाय आणि ती खरंच काहीतरी ऐकते आहे असं वाटतं. ही तीच माणसं, ज्यांच्या बापांनी रोज हजेरी दिली होती.

रजिस्टरात रकाने चारच. नाव, पत्ता, साइज, बयाणा. जातीचा रकाना नाही. पत्त्यात ‘सेटलमेंट’ एवढंच. हे बघून मला आजोबांचा फार अभिमान वाटला. जॉन्सनच्या पुस्तकात जात होती आणि नाव नव्हतं, आमच्या तंबूत नाव होतं आणि जात नव्हती.

मी ते फोटो छापून घरोघर नेऊ लागले. रजिस्टरातलं नाव वाचून दाखवायचं, कुणीतरी म्हणायचं, “हा तर आमच्या चुलत्याचा सासरा,” आणि मग माणसं गोळा व्हायची. ज्या मुलाच्या घरात फोटो नव्हता त्याच्या आजोबांचा मात्र सापडला नाही. त्याच्या आडनावाचे तिघे निघाले, तिघांनाही ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं. त्याने तिघांचेही प्रिंट मागून नेले.

तिथूनच नवीन फोटो काढायचं सुरू झालं, कारण लोकांनीच म्हटलं, जुन्यांचे देतेस, आमचे पण काढ. पद्धत आजोबांचीच ठेवली. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, हातात काय घ्यायचं, हे समोरचा ठरवणार. प्रिंट हातात दिल्याशिवाय फोटो दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. कॅमेरा नेहमी तिवईवर, म्हणजे मी कोपऱ्यातून टिपत फिरत नाही, सगळं समोरासमोर होतं. वेळ खूप जातो. कधी सबंध दुपार एका फोटोत जाते, आधी चहा, मग साडी बदलणं, मग शेजारणीकडून पाटल्या आणणं.

एका आजीला मी खुर्ची दिली. तिने ती बाजूला सारली.

“हुबी राहूनच काढ पोरी. बसलेली बाई मागणाऱ्यावानी दिसती.”

त्या आजीचे गुडघे गेलेले होते. सुनेने एका बाजूने धरलं होतं, पण फोटोत सून नको म्हणाली. मग सून क्षणभर बाजूला झाली आणि तेवढ्यात मी फोटो घेतला. त्या फोटोत आजीचा हात भिंतीला टेकलेला आहे. नीट पाहिलं तर बोटं भिंतीवर रोवलेली दिसतात. ते खोडून टाकणं मला सहज जमलं असतं. मी विचारलं, तर म्हणाली, “राहू दे, माझीच भिंत हाय.” घरकुल योजनेतली ती भिंत मिळायला तिला किती वर्षं लागली ते तिने मला आधीच सांगितलं होतं.

शहराबाहेर पालांवर एक फासेपारधी काका आहेत. त्यांना फोटोत फासे हवे होते. तितर, लावे धरायचे हे फासे त्यांच्या वडिलांनी वळलेले. काठ्यांना बांधलेले तातीचे फास त्यांनी इतक्या हलक्या हाताने उलगडले की मी कॅमेरा लावायचा सोडून बघतच राहिले. पक्ष्याची शीळ कशी घालायची, वारा कुठून हवा, जमिनीवरचा माग किती जुना आहे, सगळं सांगत होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार बंद झाली. उपजीविका गेली, पण ते ज्ञान काकांच्या अंगात आहे आणि त्यांना ते फोटोत हवं होतं. ‘मी कोण’ याचं त्यांचं उत्तर तेच होतं.

त्यांचा मुलगा मध्ये आला. “फासे नकोत. उद्या कुणी दाखवला फोटो, तर आमच्यावर केस पडंल. गावात शेळी जरी चोरीला गेली तरी आधी आमच्याकडं येत्यात.”

दोघंही बरोबर होते. बापाचा जीव ज्यात होता त्यातच मुलाला धोका दिसत होता. मी मध्ये पडले नाही. बाप-लेकांचं बराच वेळ त्यांच्या भाषेत चाललं. शेवटी ठरलं ते असं. फाशांसकट एकच फोटो काढायचा, एकच प्रिंट, ती काकांच्या पेटीत, आणि माझ्याकडची फाइल त्यांच्यासमोर पुसायची. दुसरा फोटो मुलासोबत, मुलाच्या मोटारसायकलजवळ, तो कुठेही लावायला चालेल. त्यामुळे माझ्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात चांगला फोटो माझ्याकडे नाही. तो जिथे असायला हवा तिथे आहे.

मुलाची भीती उगाच नव्हती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, आणि त्यातले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. त्यानंतर मी फिरस्त्या माणसाचा एकही फोटो त्याला विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकलेला नाही. फोटो एकदा सुटला की खाली कोण काय लिहील ते आपल्या हातात राहत नाही. लहान मुलांचे चेहरे मी टाकतच नाही, आईबापांची परवानगी असली तरी.

या कामात मी एकटी नाही, हे मला धीर देतं. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं राहून फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला आणि कामावरून आल्यावर त्याच्या घरातला माणूसही दाखवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हारकडच्या कोकणा आणि वारली कलाकारांबरोबर केलेलं काम मला फार जवळचं वाटतं. तिथे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. गिल यांनी मुखवटे बनवणाऱ्यांना आजच्या रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले. मग साप, टीव्ही, म्हाताऱ्याचा चेहरा असे मुखवटे घालून गावकऱ्यांनीच दवाखान्यात, दुकानात, घरात प्रसंग उभे केले. चेहरा झाकूनही माणूस स्वतःबद्दल किती सांगू शकतो ते मला तिथे कळलं, आणि फासेपारधी काकांच्या मुलासारख्यांसाठी ही वाट उपयोगी पडेल असं वाटतं.

विमुक्त दिनाला आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात हे फोटो लावले. दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी. प्रत्येक फोटोखाली मी आजोबांच्या रीतीने फक्त नाव लिहिलं होतं. तिथे कायद्याचं शिक्षण घेणारी एक कैकाडी मुलगी आली. तिने सगळे फोटो बघितले आणि मला बाजूला घेतलं.

“ताई, जात का लिहिली नाहीत?”

मी माझं सगळं सांगितलं, जॉन्सन, पोलीस, आजोबांचं रजिस्टर. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्या आजोबांनी लिहिली असती तर आमचं भलं झालं असतं.”

मग तिने जे सांगितलं ते मला पासपोर्ट फोटो काढूनही कधी कळलं नव्हतं. विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, वास्तव्याचा आणि जातीचा. ज्यांचे आजे-पणजे शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांची जन्माची नोंद नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? त्यातही कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि इकडे विमुक्त जातीत. चुलत भाऊ नागपूरला असेल तर त्याचे कागद वेगळे, हिचे वेगळे. ज्या जातीच्या नावाने तीन पिढ्या पकडून नेलं, तीच जात सिद्ध करायला आता ही मुलगी कागद शोधत फिरते आहे. नाव पुसून जात ठेवणं अन्याय होता हे तिला मान्य आहे. पण जात पुसून नुसतं नाव ठेवलं की झालेला अन्यायही पुसला जातो, असं तिचं म्हणणं.

मी त्या दिवशी मार्कर पेन तिच्या हातात दिलं. तिने स्वतःच्या आजीच्या फोटोखाली नाव, जात, गिरणीतलं खातं आणि ‘विमुक्त’ असं लिहिलं. ते बघून बाकीचे पुढे आले. कुणी नुसतं नाव ठेवलं. कुणी ‘निवृत्त शिक्षक’ लिहिलं. एकाने माझी अक्षरं खोडून फक्त मुलीचं नाव आणि तिचा हुद्दा लिहिला, ती फौजदार आहे. तेव्हापासून फोटोखाली मी काही लिहीत नाही, ज्याचा फोटो तो लिहितो, लिहिता येत नसेल तर सांगतो आणि घरातलं कुणीतरी उतरवतं.

ती मुलगी नंतर स्टुडिओत आली. आम्ही दोघींनी जानेवारी १९६० चं रजिस्टर पानापानाने पाहिलं. तिच्या आजोबांचं नाव सापडलं, पत्त्यात सेटलमेंट, साइज पोस्टकार्ड. जातीचा उल्लेख नाही, पण १९६१ च्या आधी माणूस सोलापुरात, सेटलमेंटमध्ये राहत होता, एवढं तरी त्या ओळीतून दिसतं. मी पानाची झेरॉक्स काढून, स्टुडिओचा शिक्का मारून, सही करून दिली. शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद यांच्यापुढे फोटो स्टुडिओच्या वहीला किती वजन मिळेल याची तिला फार आशा नाही, तरी इतर कागदांच्या जोडीला तिने ती लावली आहे. अर्ज अजून पडताळणीत आहे.

त्यानंतर आणखी काही घरांतून लोक आले. म्हणून आता मी १९६१ पर्यंतची सगळी रजिस्टरं आधी स्कॅन करते आहे, निगेटिव्ह नंतर. नावांची यादी तयार झाली की सेटलमेंटमधल्या वाचनालयात एक प्रत ठेवणार आहे, ज्याला आपलं माणूस शोधायचं त्याने शोधावं. इंटरनेटवर ती टाकणार नाही. सोलापूरकरांपैकी कुणाकडे गड्ड्यातल्या तंबूत काढलेले जुने फोटो असतील, तलाव-हंसाचा पडदा असो की दुसऱ्या कुणाचा, तर मागची बाजू जरूर बघा. तिथे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर तो फोटो लॅमिनेट करू नका, मागचं वाचता येईल असा ठेवा.